अधारणीय वेग

मराठी भाषा एका विषयापुरती विलक्षण सोवळी आहे. आपल्याकडे माणूस परसाकडे जातो, बहिर्दिशेस जातो, नुसताच 'जाऊन येतो'. कशासाठी जातो ते मात्र कोणी बोलत नाही. ज्या क्रियेला आपण सर्वाधिक अमंगळ समजतो तिलाच शौच, म्हणजे शुचिता, असे नाव आपण देऊन ठेवले आहे. अधिक सभ्य मंडळी तिला दीर्घशंका म्हणतात. ज्यांचा कोठा वेळच्या वेळी साफ होत नाही त्यांना विचारावे. ही शंका किती दीर्घ असू शकते, ते त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार!

अशा विषयावर वाङ्मयीन मासिकात लिहावे काय, हा प्रश्न आम्हांस पडला होता. परंतु २०१५ साली शुजित सरकार यांच्या 'पिकू' या चित्रपटाने आमच्याच दिल्लीतील चित्तरंजन पार्कमधल्या एका वृद्ध गृहस्थाचे बद्धकोष्ठ पडद्यावर आणले, आणि लोकांनी ते सहकुटुंब पाहिले. पडद्यास जे शोभले ते आमच्या लेखणीस अगदीच अशोभनीय ठरू नये.

आम्ही केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून आहोत. आमच्या कक्षात माणसे अकरा आणि बद्धकोष्ठावरील उपाय मात्र किमान तेवीस. कोणी रात्री इसबगोल घेतो, कोणी त्रिफळा, कोणी सोनामुखी. एक गृहस्थ पहाटे तांब्याभर कोमट पाणी पिऊन खोलीत शतपावली घालतात. चहाच्या वेळी हे उपाय न मागता मिळतात. आश्चर्य इतकेच की, कोठा अडतो तो का अडतो, याची विचारपूस त्या अकरांपैकी कोणीही करीत नाही. आम्हांस ती करावी लागली, ती आमच्या कन्येमुळे. ती आता नऊ वर्षांची आहे. हा मजकूर लिहावयास तिने परवानगी दिली आहे. अट एकच, नाव घालावयाचे नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्हांस जरा मोठे सरकारी निवासस्थान मिळाले. बिऱ्हाड हलले आणि त्याबरोबर कन्येची शाळाही बदलली. नव्या शाळेत मुलींच्या शौचालयाच्या दाराला आतून कडी नव्हती, आणि मधल्या सुटीनंतर नळाला पाणी राहत नसे. वर्गातून जावयाचे तर चाळीस मुलांसमक्ष हात वर करून बाईंची परवानगी घ्यावी लागे. कन्येने यावर स्वतःपुरता तोडगा काढला. ती जाईनाशीच झाली. सकाळी सव्वासातला बस, दुपारी अडीचला घर. तेवढा वेळ ती आवरून धरी.

दिवाळीपर्यंत चार-चार दिवसांचा खंड पडू लागला. एकदा तिला इतके दुखले की ती रडतच बाहेर आली, आणि त्यानंतर घरीसुद्धा जावयास भिऊ लागली. वेग आला की पाय जुळवून, टाचा उचलून, तोंड लाल करून ती कपाटाच्या आड उभी राही. पाहणाऱ्यास वाटे की मूल जोर करीत आहे. प्रत्यक्षात ते सर्व बळ रोखून धरण्याकडे चाललेले असे. पुढे कपडे खराब होऊ लागले, आणि ते झाल्याचे तिचे तिला कळेनासे झाले. शाळेच्या डायरीत शेरा आला की पाल्यास स्वच्छतेच्या सवयी लावाव्यात. तो शेरा सहीसाठी पुढे करताना तिने त्यावर अंगठा ठेवून तो झाकला होता.

आम्ही दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन एका मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो. तेथील डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपले आणि पहिलाच प्रश्न केला तो असा की, मूल जन्मल्यावर पहिली काळी शी कधी झाली? सौभाग्यवती आठवू लागल्या. आमच्या मातोश्रींनी मात्र क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "पाचव्या तासाला. दुपटं मीच बदललं होतं."

"मग निम्मी काळजी मिटली, माताजी," बाई म्हणाल्या.

सात वर्षांपूर्वीच्या एका दुपट्याने आमची निम्मी काळजी कशी मिटली, हे समजून घेण्यास आम्हांस बरेच वाचावे लागले. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली बर्लिन येथील सभेत दोन बालकांची हकीगत सांगितली होती. जन्मापासून त्यांचा कोठा अडलेला, पोट नगाऱ्यासारखे. दोघेही दगावले होते. उघडून पाहता मोठे आतडे प्रचंड फुगलेले आढळले. जे फुगलेले तेच बिघडलेले, असा निष्कर्ष कोणीही काढील. तसा तो निघाला, आणि पुढे कित्येक वर्षे शल्यवैद्य तो फुगलेला भागच कापून काढीत राहिले. रोग पुन्हा उलटे. खरा दोष त्या फुगवट्याच्या खाली, वरकरणी निरोगी दिसणाऱ्या अरुंद भागात होता. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचे जे जाळे असते ते त्या भागात नसतेच. तो भाग सैल पडत नाही, म्हणून वरचा मार्ग तुंबतो आणि फुगतो. हे उमगून बॉस्टनच्या ऑर्व्हर स्वेन्सन यांनी १९४८ साली तो अरुंद भागच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, आणि मुले जगू लागली. सुमारे पाच हजार जन्मांत एका बालकास हा विकार असतो. पूर्ण दिवसांच्या निरोगी बालकांपैकी शेकडा नव्वदांहून अधिकांस पहिल्या चोवीस तासांत शी होते. या विकाराच्या बालकांत ती बहुधा लांबते. मातोश्रींच्या दुपट्याचे महत्त्व ते हे.

निम्मी काळजी मिटल्यावर उरलेल्या निम्मीकडे वळून बाईंनी कागदाच्या पाठीवर एक आकृती काढली. ती आम्ही अद्याप जपून ठेवली आहे. त्या आकृतीत पुढे आम्ही जे भरले ते असे.

खाल्लेले अन्न आणि पाचक रस मिळून दिवसाकाठी आठ-नऊ लिटर द्रव लहान आतड्यात उतरतो. त्यातील बहुतेक तेथेच शोषला जातो. मोठ्या आतड्याच्या तोंडाशी सुमारे दीड लिटर पोहोचतो, आणि शेवटी बाहेर पडते ते शंभर-दोनशे मिलिलिटर पाणी. म्हणजे मोठे आतडे हे मुख्यतः पाणी आटविणारे यंत्र आहे. त्यात मळ जितका अधिक काळ राहील तितका तो कोरडा आणि कठीण होईल. बद्धकोष्ठाच्या पुष्कळशा दुःखाचे मूळ या एका वाक्यात आहे.

आता मळ पुढे सरकतो कसा? लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनी (स्टार्लिंगची बहीण बेलिस यांस दिलेली होती; मेहुण्या-मेहुण्यांचे इतके जमलेले उदाहरण विरळा) १८९९ साली कुत्र्याच्या आतड्यावर प्रयोग करून दाखविले की, आतड्यात एखादी वस्तू आली की तिच्या मागचा भाग आवळतो आणि पुढचा सैल होतो. मेंदूशी संबंध तोडला तरी हे चालते, कारण ही व्यवस्था आतड्याच्या स्वतःच्या भिंतीत आहे. तिकडे अमेरिकेत वॉल्टर कॅनन या विद्यार्थ्याने, क्ष-किरणांचा शोध लागून वर्ष होते न होते तोच, १८९६ साली प्राण्यांना बिस्मथ मिसळलेले अन्न देऊन त्यांच्या पोटातील हालचाल पाहावयास आरंभ केला. मांजर शांत असता ती हालचाल घड्याळासारखी चाले. मांजर घाबरले किंवा चिडले की थांबे. हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे चाळीस मुलांत हात वर करणारी कन्या उभी राहिली.

मोठ्या आतड्याची रीत आणखी निराळी. त्यातील मळ दिवसभर एकसारखा वाहत नाही. दिवसातून थोड्याच वेळा एक मोठी लाट येते आणि बराचसा मळ एकदम खाली ढकलते. या लाटेस जाग येते ती सकाळी उठल्यावर आणि जेवणानंतर. पोटात अन्न पडले की आतडे खालची जागा मोकळी करू लागते. गाय्ज हॉस्पिटलचे आर्थर हर्ट्झ यांनी बद्धकोष्ठावरील आपल्या १९०९ च्या ग्रंथात या हालचालींचा अभ्यास मांडला, आणि एक भेद स्पष्ट केला. काहींचा मळ आतड्यातून हळू सरकतो. काहींचा वेळेवर दाराशी येतो, पण दारातून बाहेर पडत नाही. दोन्हींस आपण बद्धकोष्ठच म्हणतो.

त्या दाराची रचना मोठी चतुर आहे. तेथे स्नायूंची दोन कडी आहेत. आतले कडे आपल्या ताब्यात नाही. गुदाशय भरला की ते आपोआप सैल पडते, हे गॉवर्स यांनी १८७७ सालीच वर्णिले. बाहेरचे कडे आपल्या हुकमतीत असते. याशिवाय एक स्नायू गोफणीच्या दोरीसारखा गुदाशयास पुढे ओढून धरतो, त्यामुळे मार्गास जवळजवळ काटकोनाचे वळण पडते. उकिडवे बसले की हे वळण सरळ होऊ लागते. इस्रायलमध्ये सिकिरोव यांनी २००३ साली अठ्ठावीस निरोगी माणसांस निरनिराळ्या उंचीवर बसवून मोजदाद केली. उकिडवे बसल्यास सरासरी एक्कावन्न सेकंद लागले, नेहमीच्या उंच भांड्यावर एकशे तीस. आमच्या पूर्वीच्या निवासस्थानात जुन्या पद्धतीचे शौचकूप होते. या नव्या बहुमजली वसाहतीत उंच भांडे आहे, आणि त्यावर बसल्यास कन्येचे पाय अधांतरी लोंबत.

आता वेग आला आणि बाहेरचे कडे आवळून धरले तर काय होते? काही वेळाने वेग शमतो. गुदाशयाची भिंत ताणून घेते आणि भरलेपणास सरावते. हा एरवी मोठाच उपकार आहे; त्यावाचून सभा, प्रवास, संसार काहीच चालते ना. परंतु हेच रोज घडले तर मळ आटत, साठत जातो. तो बाहेर पडताना दुखते. दुखले म्हणून मूल अधिक निकराने धरते. गुदाशय जुन्या फुग्यासारखा ताणला जाऊन भरल्याची जाणीवच मंदावते. मग वरचा पातळ मळ त्या खड्यांच्या कडेकडेने झिरपतो आणि कपडे खराब होतात. ते मुलास कळत नाही, कारण कळविणारी भिंतच बधिर झालेली असते. डॉक्टरीणबाई कन्येकडे पाहून म्हणाल्या, "यात तुझी काही चूक नाही हं. फुगा ताणला गेला आहे, तो आपण परत लहान करू." त्या दिवशी परतीच्या बसमध्ये ती पहिल्याने आमच्या खांद्यावर डोके टेकून झोपली.

उपचार त्या आकृतीबरहुकूम झाला. पहिले काही दिवस पॉलिएथिलीन ग्लायकॉलची भुकटी मोठ्या मात्रेत देऊन साठलेले सर्व बाहेर काढले. ही भुकटी अंगात शोषली जात नाही. ती पाणी धरून ठेवते आणि मळ मऊ राखते. मग तीच कमी मात्रेत रोज. रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे बसावयाचे, कारण जेवणानंतरची लाट फुकट घालवू नये. पायांखाली बैठे स्टूल घ्यावयाचे. मातोश्रींचा देवघरातला पाट अगदी योग्य उंचीचा निघाला, पण तो मिळणे नव्हते. आम्ही सुताराकडून निराळा करून घेतला. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला सात आकृत्यांचा तक्ता भिंतीवर लावला. शेळीच्या लेंड्यांपासून पातळ पाण्यापर्यंत मळाचे सात प्रकार त्यात चितारले आहेत. कन्या बाहेर येऊन "आज चार!" असे परीक्षेतील गुणांप्रमाणे जाहीर करी. औषध आठ महिने चालले आणि उतरत्या मात्रेने बंद झाले. गुण दिसताच थांबविले असते तर फुगा लहान होण्यापूर्वीच पुन्हा भरला असता. पुष्कळ मुलांचे दुखणे उलटते ते येथेच.

या काळात मातोश्रींनी एरंडेल, मनुका, पपई असे सर्व उपाय सुचविले. पपई आणि मनुका बाईंनी आनंदाने मंजूर केल्या, पण हेही सांगितले की मुलाच्या वयाला साजेसे तंतुमय अन्न आणि पाणी पुरे. त्याहून अधिक कोंबल्याने ताणलेला गुदाशय बरा होत नाही. मातोश्रींची खरी भीती वेगळीच होती. कोंडलेल्या मळाचे विष अंगात भिनेल, असे त्यांस वाटे. ही भीती एके काळी मोठमोठ्यांस होती. नोबेल पारितोषिक मिळविणारे मेचनिकॉफ तिचे पुरस्कर्ते. आणि हर्ट्झ यांच्याच रुग्णालयातील शल्यवैद्य आर्बथनॉट लेन यांनी तर तिच्यापायी रुग्णांची मोठी आतडी काढून टाकली. पुढे १९२२ साली डोनाल्डसन या अमेरिकन डॉक्टरांनी साधी युक्ती केली. निरोगी माणसांच्या गुदाशयात कापूस भरला. डोके जड होणे, सुस्ती, बेचैनी, ही सारी 'विषाची' लक्षणे कापसानेच उमटली, आणि कापूस काढताच नाहीशी झाली. कापसात विष कोठून येणार? जडपणा ताणाचा होता. आम्ही ही हकीगत मातोश्रींस सांगितली. त्या म्हणाल्या, "कापूस भरून घेणारी माणसं मिळाली तरी कशी?" या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते, परंतु एरंडेलाची बाटली फडताळात परत गेली.

मोठ्या माणसांचे काय, असे वाचक विचारतील. भेद तोच, रस्ता आणि दार यांचा. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात १९६९ साली एक सोपी परीक्षा निघाली. रुग्णाने क्ष-किरणांत दिसणारे बारीक तुकडे गिळावयाचे, आणि काही दिवसांनी ते कोठवर पोहोचले ते पाहावयाचे. सर्व वाटभर विखुरलेले असतील तर रस्ता मंद. खाली दाराशी गर्दी करून असतील तर संशय दारावर. काही माणसे जोर करताना नकळत बाहेरचे कडे सैल करण्याऐवजी आवळतात. ढकलणारा आणि अडविणारा एकच! अशांस दाराचे स्नायू पडद्यावर दाखवून सैल सोडण्यास शिकविता येते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा शिक्षणाने सहा महिन्यांनी शेकडा ऐंशी रुग्ण बरेच सुधारले. नुसत्या रेचकाने शेकडा बावीस. इसबगोल उत्तम वस्तू आहे. उत्तर गुजरातेत पिकते, पाणी धरते, मळास मऊ आकारमान देते. नाव फारसी, अर्थ घोड्याचा कान. परंतु दारच उघडत नसेल तर आत आणखी सामान भरून काय साधणार? म्हणून तेवीस उपायांच्या आधी एक प्रश्न हवा. आणि रक्त पडणे, वजन घटणे, उतारवयात सवय एकाएकी पालटणे, असे काही असेल तर तो प्रश्न कक्षातील मित्रास न विचारता डॉक्टरांसच विचारावा.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे फार पूर्वीच ठाऊक होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायाचे नावच 'नवेगान्धारणीय' असे आहे. जे वेग आवरून धरू नयेत असे तेरा वेग त्यात सांगितले आहेत. मळाचा वेग त्यांत आहे, तसे भूक, तहान, शिंक, झोप आणि अश्रूही आहेत. त्याच अध्यायात लगेच दुसरी यादी येते, ती आवरून धरण्यासारख्या वेगांची, आणि तीत क्रोध व लोभ आहेत. कन्येच्या डायरीतील शेरा वाचताना या दोन याद्यांची आम्हांस वारंवार आठवण होई. धरू नये ते मुलाने धरले, आणि धरावे ते मोठ्यांनी धरले नाही.

डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीवर औषधाचे नाव, मात्रा आणि बसण्याची वेळ यांच्याखाली चौथ्या क्रमांकावर लिहिले होते: शाळेत वेग येईल तेव्हा विनाविलंब जाऊ द्यावे. आतड्याची रचना ठाऊक असलेल्या व्यक्तीस ही ओळ औषधाइतकीच महत्त्वाची वाटली, यातच त्या शास्त्राचे सार आले. आम्ही ती चिठ्ठी जोडून शाळेस अर्ज केला. विषय: मुलींच्या शौचालयास आतून कडी व दिवसभर पाणी मिळण्याबाबत. कारकुनास दुसरे काही नाही तरी अर्ज करता येतो. वर्गातील आणखी सतरा पालकांनी सह्या केल्या. त्यांपैकी सहा जणांच्या घरी आमच्यासारखीच कथा होती, पण ती कोणी कोणास सांगितली नव्हती. तीन स्मरणपत्रे गेली. कडी बसली. मधल्या सुटीनंतर नळाला पाणी अजूनही येत नाही, म्हणून शाळेने तेथे झाकणाची एक टाकी आणि दोन मग ठेवले आहेत. चौथे स्मरणपत्र आम्ही या लेखाबरोबरच लिहून तयार ठेवले आहे.